दसऱ्याचा पाऊस

आमच्या अंगणात दोन गोष्टींना हात लावायची पोरांना बंदी होती. एक तुळस आणि दुसरं सरकारचं भांडं. तुळशीला धक्का लागला तर आई नुसते डोळे वटारायची. भांड्याला लागला तर आबा, म्हणजे आमचे वडील, पायातली वहाण काढायचे. मारलं मात्र त्यांनी कधीच नाही. वहाण हातात धरून उभे राहायचे आणि तेवढ्यानंच आमचं पाणी पाणी व्हायचं. हे भांडं म्हणजे पाऊस मोजायचं यंत्र. यंत्र म्हणावं असं त्यात काही नव्हतं हो. जमिनीत पक्कं रोवलेलं पत्र्याचं नळकांडं, वर पितळी काठाचं नरसाळं, आत एक बाटली. भोवती तारेचं कुंपण आणि कुंपणाला बुटकं फाटक. नरसाळ्यात पडलेला पाऊस बाटलीत उतरायचा आणि रोज सकाळी साडेआठला आबा ती बाटली काढून, रेघा आखलेल्या काचेच्या पेल्यात ओतून, पेला डोळ्यांसमोर धरून आकडा वाचायचे. एवढंच काम. पण आमच्या घराचा सगळा दिवस त्या कामाभोवती फिरायचा. शाळेत बाई त्याला पर्जन्यमापक म्हणायच्या. गावात त्याला कुणी माप म्हणायचं, कुणी आबाचं खूळ.

मावळात, वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. सकाळी डोळे न उघडता मला किती वाजले ते कळायचं. आधी आईच्या फुंकणीचा आवाज, मग तांदळाच्या भाकरीचे थापटे, मग वारा इकडचा असला तर लांबून, कामशेतच्या बाजूनं, आगगाडीची शिट्टी. त्यानंतर आबा रेडिओ लावायचे. त्यांना बातम्यांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना वेळ हवी असायची. घरातल्या घड्याळावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. साडेआठ झाले की डोक्यावर घोंगडी घेऊन ते फाटकातून आत जायचे, आणि ते परत ओट्यावर येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, कारण मोठ्यानं बोललं की आकडा हलतो असं त्यांचं मत होतं. पाण्याला कान असतात का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पान्याला न्हाई, मला हायेत." आकडा लिहून झाला की मग भाकरी. आषाढात चुलीवर खेकड्यांचा रस्सा रटरटत असायचा, टाकळ्याची भाजी झालेली असायची, पोटात कावळे कोकलत असायचे, आणि आबा आपले पेला एका डोळ्यानं बघतायत, मग दुसऱ्या डोळ्यानं बघतायत. आई आतून हळूच म्हणायची, "आता काय दुर्बीन आणायची हाय का?"

गावातल्या लोकांना वाटायचं, पाऊस मोजणाऱ्याचा पावसावर थोडाफार तरी वशिला असणार. लावणीच्या वेळी पाऊस ओढ देऊ लागला की माणसं अंगणाच्या कडेला येऊन उभी राहायची. "आबा, वर सांगा की जरा." आणि भात कापणीला आला असताना सर आली की तीच माणसं, "आबा, आता बास करा, लय झालं." आबा दोन्ही वेळा गंभीरपणे मान हलवायचे. आता मी तळेगावात राहते. इथल्या एका मोकळ्या आवारात उंच खांबावर पाऊस मोजायचं नवं यंत्र बसवलंय. ते आपलं आपण मोजतं, आपण होऊन पुण्याच्या वेधशाळेला कळवतं, त्याला घोंगडी लागत नाही की रेडिओ. मी फिरायला जाताना रोज त्याच्याकडे बघते. मागच्या पावसाळ्यात त्याच्या नरसाळ्यात वडाचं पान अडकलं आणि धो धो पावसात ते यंत्र बिचारं आठवडाभर कोरडं ठणठणीत कळवत राहिलं. पेपरात तळेगावचा शून्य बघून मी फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा म्हणाला, "आजी, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, बाळा, छत्री घेऊन बाहेर ये.

पण मला सांगायचंय ते ठाकरवाडीच्या बंधाऱ्याचं. आमच्या वाडीच्या वर, चांगली दमछाक करणारी चढण चढून गेलं की ठाकरवाडी. दहाबारा घरं, नाचणी-वरईची उतरती शेतं. मावळात पाऊस किती पडतो ते काय सांगायचं, कपडे वाळायला चुलीवर धरावे लागतात आमच्याकडे. पण तो सगळा पाऊस डोंगरावरून धावत खाली येतो आणि जातो. ठाकरवाडीला शिमग्यानंतर प्यायला पाणी नाही. ज्यांच्या डोक्यावर सगळ्यात जास्त पाऊस, त्यांच्याच हंड्यात ठणठणाट. मग तिथल्या बायका खाली आमच्या विहिरीवर यायच्या. त्यांत सोमीमावशी आमच्या घरच्यासारखी. लावणीला, कापणीला ती आमच्याकडे असायची, आईची तिच्यावर फार माया. उन्हाळ्यात ती डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन यायची, आईशी विहिरीच्या काठावर चार शब्द बोलायची, भरायची आणि लगेच डोंगराला लागायची. चढताना तिच्या पायांच्या पोटऱ्यांवर शिरा उभ्या राहिलेल्या दिसायच्या. आई तिच्याकडे बघत उभी राहायची आणि मग विनाकारण माझ्यावर खेकसायची, "बघत काय बसली, ती घागर उचल की!"

त्या सुमारास सरकारी माणसं ठाकरवाडीच्या ओढ्यावर येऊन गेली. साखळ्या टाकून मापं घेतली, दगडांवर चुन्यानं खुणा केल्या. ओढ्यावर छोटा बंधारा बांधायचा, पावसाचं पाणी अडवायचं, उन्हाळ्यात वाडीला पुरवायचं, असा बेत. ठाकरवाडीत कोण आनंद! सोमीमावशीनं खुणा केलेल्या दगडाला नारळ वाढवला. पण भिंत किती उंच बांधायची, मुळात बांधायची की नाही, हे ठरवायला ओढ्याला किती पाणी येतं ते कळायला हवं. ओढा कुणी कधी मोजला होता? मग त्या डोंगरावर पाऊस किती पडतो, त्यावरून अंदाज बांधायचा. आणि एका सालाच्या पावसाला कोण विचारतं, त्यासाठी वर्षानुवर्षांचे रोजचे आकडे लागतात. ते त्या सगळ्या डोंगररांगेत एकाच ठिकाणी होते, आमच्या अंगणात. सर्व्हेच्या माणसानं आबांना सांगितलं, "तुमच्या आकड्यांवर सगळं आहे. मोठ्या कचेरीत तपासायला गेलेत." त्या दिवशी आबा जेवायला बसले ते छाती काढून. आईनं ताटात वाढलेलं कालवण भाकरीऐवजी मिशीला लागलं तरी त्यांना पत्ता नाही.

आता मध्ये खंडेनवमी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा. नांगर, कोयते, विळे, कुऱ्हाड, पहार, सगळं काढायचं. आबा जेवढं उचलता येईल तेवढं घेऊन ओढ्यावर जायचे, घासूनपुसून स्वच्छ आंघोळ घालून आणायचे. मग ओट्यावर मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं, कडाकण्यांचा नैवेद्य. आता पाऊस मोजायचं भांडं हे आबांचं अवजारच. पण ते जमिनीत रोवलेलं, ओढ्यावर नेणार कसं? आई म्हणायची, वर्षभर बिचारं उन्हापावसात उभं राहतं, त्यालाच तेवढं पारोसं ठेवायचं का? मग आबा ओढ्यावर गेले की आई देवघरातला छोटा तांब्याचा गडू भरून घ्यायची, फाटक उघडून आत जायची, भांड्याच्या डोक्यावरून गडू ओतायची, पितळी काठ पदरानं पुसायची, कुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची. आबा येईपर्यंत सगळं आवरलेलं. आल्यावर माळ बघून ते खूश व्हायचे. "ह्यालाबी केलीस व्हय पूजा? बरं केलं." आंघोळ घातली हे आई सांगायची नाही, कारण त्यात सांगण्यासारखं तिला काही वाटायचंच नाही. देवाची पूजा केली म्हटल्यावर आंघोळ घातली हे वेगळं कोण सांगतं?

आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, आबा बाटली काढायचे तर बाटलीत पाणी! आभाळ निळंशार, अंगणात धूळ, आणि बाटलीत पाणी. पहिल्या वर्षी ते चक्रावले. रात्री एखादी सर येऊन गेली असेल, आपण झोपेत असू, जमीन तापलेली, पिऊन टाकलं असेल तिनं, असं म्हणून आकडा लिहिला. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी त्यांच्या मनात लख्ख प्रकाश पडला. नवरात्र संपवून देवी निघते, जाताना आपल्या अंगणात पाणी शिंपडून जाते! आमचे आबा देवभोळे नव्हते, एकादशीला सुकट खाणारा माणूस. पण हे त्यांना इतकं पटलं की दसऱ्याला सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "आपल्याकडं दसऱ्याचा शिंतोडा चुकत न्हाई." माणसं हात जोडायची. आईही जोडायची. शपथेवर सांगते, त्या गडूचा आणि या शिंतोड्याचा संबंध आमच्या घरात कुणाच्याही डोक्यात आला नाही. आई बाटलीकडे बघायची नाही, आबा गडूकडे बघायचे नाहीत, आणि मी दसऱ्याला पुरणपोळीखेरीज कशाकडेच बघायची नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर, भात खळ्यावर आला असताना, मोठ्या कचेरीतले साहेब येणार असा निरोप आला. जीप ओहोळापाशी थांबली आणि साहेब पायी वर आले. मला वाटलं होतं कुणी धिप्पाड असेल. तर हे नागपूरकडचे, सडपातळ, गळ्यात मफलर, हातात छत्री, आणि आल्या आल्या त्यांना सटासट शिंका. पावसाच्या खात्यात राहून या माणसाला गारवा सोसत नव्हता! आईनं आल्याचा गुळाचा चहा दिला, तेव्हा कुठं ते माणसात आले. साहेब आल्याची बातमी डोंगर चढून आधीच वर गेली होती. सोमीमावशी आणि ठाकरवाडीची पाचसहा माणसं खाली येऊन अंगणाच्या कडेला उकिडवी बसली होती. आमच्या खळ्यावरचं काम थांबलेलं, बैल रवंथ करतायत, आणि सगळे साहेबांच्या हाताकडे बघतायत.

साहेबांनी भांडं तपासलं. काठ सरळ आहे का, झाडं लांब आहेत का, पेल्याला तडा गेलाय का, नरसाळ्याचं भोक स्वच्छ आहे का. कुठं बोट ठेवायला जागा नाही. काठावरचं कुंकू बघून म्हणाले, "हे काय?" आबा म्हणाले, "पूजा केलती, साहेब." "बरं," म्हणाले आणि पुढे गेले. आकडा कसा वाचता म्हणून विचारलं, आबांनी पेला धरून दाखवला, पाण्याची रेघ आणि डोळा एका पातळीत. साहेबांनी मान डोलावली. आबा फुलले. आई आत पिठल्यासाठी कांदा चिरत होती, तिनं मला खुणेनं विचारलं, कसं चाललंय? मी बोटांनी दाखवलं, झकास.

मग साहेब ओट्यावर बसले, पिशवीतून गुंडाळलेला मोठा कागद काढला आणि म्हणाले, "आबा, एक सांगा. तुमच्याकडे दर दसऱ्याला पाऊस कसा पडतो?"

आबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "तुमालाबी कळलं का ते! देवी शिंपडून जाते, साहेब."

साहेब हसले नाहीत. मफलर सारखा करत म्हणाले, "मी शेजारच्या सगळ्या ठिकाणांशी ताडून पाहिलं. लोणावळ्याला नाही, वडगावला नाही, डोंगरापलीकडे नाही. फक्त तुमच्याकडे. दसरा काय दर वर्षी त्याच तारखेला येत नाही, म्हणून आमच्या लोकांच्या लक्षात आलं नाही. मी पंचांग घेऊन बसलो. दर वर्षी दसराच. आणि पाऊसही दर वर्षी जवळजवळ तेवढाच. आबा, असं आम्हाला फार ठिकाणी सापडतं. सणासुदीला माणूस पाहुण्यांत असतो, भांड्यापाशी जात नाही, मागाहून घरात बसून मनानं आकडा भरतो. एक दिवस मनानं भरणारा बाकीचे दिवस काय करत असेल, हे मी कसं सांगू?"

आबा उभेच राहिले. मी त्यांना तापलेलं पाहिलं होतं, वहाण हातात घेतलेलं पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी भर बाजारात टोपी उडवावी तसे दिसत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, मी मनाचं कदी लिवलं न्हाई." आवाज इतका बारीक की मलाच रडू आलं.

"तसं असेल तर मला आनंदच आहे," साहेब म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही चेहरा पडलेला होता. "पण मला हे आकडे बाद करावे लागतील. मग बंधाऱ्याला कुठले धरायचे? लोणावळ्याचे धरले तर तिथला पाऊस एवढा, की कागदावर बंधारा वाहूनच जायचा. राहिले खालच्या पट्ट्यातले. तिकडे पाऊस फार कमी. त्या हिशेबात हा बंधारा भरतच नाही. आणि न भरणारा बंधारा कुणी मंजूर करणार नाही."

अंगणाच्या कडेवरून सोमीमावशी उठली. "म्हंजी आमचा बांद न्हाई हुनार?" तिनं विचारलं. साहेबांनी कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघायचं टाळलं. आबांनी खाली मान घातली. तिथं बसलेल्या माणसांतला एकही माणूस आबांना बोलला नाही, हे मला अजून आठवतं. बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि आई बाहेर आली. पिठानं भरलेले हात तसेच, कपाळावर घाम, पदर खोचलेला. परक्या पुरुषासमोर ओट्यावर येऊन बोलणारी बाई नव्हती माझी आई. पण उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आवो, ते पानी मी घालते."

"कसलं पाणी?" साहेब.

"खंडेनवमीचं. आंघोळीचं. सगळ्या आवजारांना आंघोळ असते, मग ह्याला नको का?"

आबांनी सावकाश मान वर केली आणि आईकडे बघितलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही रोज पाणी घालता यात?"

"रोज घालाया मी काय येडी हाय? वर्साला एक गडू."

"गडू आणा."

आईनं हात धुतले, देवघरातून गडू आणला, भरला. साहेबांनी सांगितलं, खंडेनवमीला जसं घालता तसंच घाला, कमी नको, जास्त नको. आई फाटक उघडून आत गेली. तिला इतक्या माणसांसमोर लाज वाटत होती, पण पाणी ओतताना तिनं सवयीनं डोळे मिटले आणि ओठांत काहीतरी पुटपुटली. थोडं पाणी बाहेर ओघळलं, बाकीचं नरसाळ्यातून आत. साहेबांनी स्वतः बाटली काढली, पेल्यात ओतली, वाकून बघितलं. मग ओट्यावर येऊन कागदावरच्या एकेका दसऱ्यावर बोट फिरवलं. पहिल्यांदा त्यांचे खांदे हलले, मग मफलर हलला, आणि मग तो सडपातळ माणूस असा हसत सुटला की त्यांना ठसकाच लागला. जीपवाला पाणी आणायला धावला.

पण ठसका थांबल्यावर साहेब पुन्हा गंभीर झाले. मी मनात म्हटलं, आता काय राहिलं बाई यांचं! म्हणाले, "पाणी कुठून आलं ते कळलं. पण आबा, तुम्हाला तर ठाऊक होतं, आभाळ कोरडं आहे, जमीन कोरडी आहे. तुम्ही शून्य लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. मग पाऊस लिहिलात कसा?"

आबांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "साहेब, बाटलीत पानी हुतं की. बाटलीत असंल ते लिवायचं. माझ्या मनानंच लिवायचं म्हटल्यावर ह्यो पेला कशापायी दिलाय तुमी?"

साहेब उठले आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आबा, कोरड्या दिवसांत आमचे लोक भांड्यापाशी फिरकत नाहीत. घरातूनच शून्य लिहून मोकळे होतात. आकडे घरात बसून भरणारा माणूस स्वच्छ आभाळाखाली पाऊस कशाला लिहील? तुम्ही सणाच्या सकाळीसुद्धा बाटली उघडून बघितलीत, आणि पटत नसताना लिहिलंत. तुमचे दसरे तेवढे मी खोडतो. बाकीचं सगळं धरतो." मग सोमीमावशीकडे वळून, या वेळी नीट तिच्याकडे बघून म्हणाले, "बंधारा होईल तुमचा."

सोमीमावशीला आधी कळलंच नाही. शेजारच्या माणसानं तिला दोनदा सांगितलं. मग ती मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि तिचं बघून माझी आई, आणि आईचं बघून मी. साहेब घाबरून म्हणाले, "अहो, मी होईल म्हणालो!" त्यांना बायकांचं रडणं कळत नव्हतं बहुतेक. आबांनी त्यांना पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा आग्रहानं खाऊ घातला. ठेच्यानं साहेबांच्या शिंका थांबल्या आणि उचकी सुरू झाली.

त्या रात्रीपासून दोन दिवस आबा आईशी बोलले नाहीत. आईला वाटलं, चारचौघांत आपण यांची शोभा केली. मला वाटलं, देवी गेली म्हणून यांना वाईट वाटतंय, आणि माझं बरोबर होतं. इतकी वर्षं गावभर सांगत फिरलेला माणूस तो. गावानंही काही सोडलं नाही. जो भेटेल तो, "आबा, देवी तुमच्या घरातच हाय की!" तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा लिहून आबा आत आले, चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "लोकं म्हनत्यात ते काय खोटं न्हाई." आईनं भाकरी उलटली, पण कान लाल झाले होते तिचे. पुढच्या खंडेनवमीला भांड्याला ओल्या फडक्यानं पुसायचं, पाणी घालायचं नाही, असं ठरलं. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. पुसून कुणी स्वच्छ होतं का, म्हणायची.

पुढे मी याच कामात शिरले. ठिकठिकाणचे पावसाचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे, वेडावाकडा आकडा दिसला की शोध घ्यायचा, आणि मग ते धरणं-कालवे आखणाऱ्यांच्या हाती द्यायचे. माझ्याबरोबरची मुलं वेडा आकडा दिसला की सरळ खोडायची. मी आधी फोन करायची आणि विचारायची, घरी काय चाललंय? एका ठिकाणी ऐन जेठात पाऊस गायब, तर कुणाच्या तरी लग्नाचा मांडव भांड्यावर पडलेला. एका ठिकाणी गोठ्यातून सुटलेल्या शेळीनं बाटली लवंडून पाणी पिऊन टाकलेलं. वरिष्ठ म्हणायचे, सुमनबाई आकडे तपासतात की चौकशा करतात? मी म्हणायची, दोन्ही.

बंधारा झाला. किती वर्षं लागली ते विचारू नका, सरकारी काम ते. भिंत बांधायला ठाकरवाडीतलं घरटी एक माणूस होतं आणि सोमीमावशीनं तर वाळूची पाटी वाहिली. पहिला पावसाळा गेला, थंडी गेली, शिमगा झाला. आमच्या विहिरीवर बायका येतात का, म्हणून आई येता जाता चढणीकडे बघायची. चैत्र निम्मा सरला. एका दुपारी, मी घरी असताना, रणरणत्या उन्हात, सोमीमावशी डोंगरावरून येताना दिसली. आईचा चेहरा खर्रकन उतरला. ती उठली आणि विहिरीची दोरी खुंटीवरून काढायला गेली.

"ऱ्हाऊ द्या वैनी," सोमीमावशी म्हणाली. "आज पानी न्यायला न्हाई आले. नुसती बसाया आले."

आई दोरी हातात धरून तशीच उभी. मग तिनं दोरी खाली टाकली, ओट्यावर घोंगडी अंथरली आणि मला ओरडून चहा ठेवायला सांगितलं. मी आधण ठेवून दारातून बघितलं, तर सोमीमावशी भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसली होती. इतकी वर्षं ती आमच्याकडे यायची, पण तिला अशी निवांत बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.